नुसत्या जन्मानं कुणी कोल्हापूरकर होत नाही

महाराष्ट्रात कुणाशी ओळख झाली की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: मूळ गाव कुठलं? मी बार्शीची. लग्न होऊन कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आले, इथल्याच एका शाळेत शिकवलं आणि निवृत्तही इथंच झाले. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली, मुलगा नोकरीसाठी पुण्यात. त्यामुळे खरा गाववाला कोण, हा वाद आमच्या घरात जेवता जेवता अनेकदा रंगलाय. आमचे हे म्हणतात, ते रक्तातच असावं लागतं. मुलगा म्हणतो, अभिमान पाहिजे. मला दोन्ही पुरेसं वाटत नाही. माझा हिशेब सरळ आहे. गावानं हक्कानं काम सांगावं आणि आपण ते अंगावर घ्यावं. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की माणूस त्या गावचा होतो. इतक्या वर्षांत जे बघितलं, केलं, त्यातून हाती आलेल्या काही गोष्टी इथं सांगते.

१. गाव जन्मदाखल्यावर मिळत नाही

ज्यांच्या नावानं कोल्हापूर ओळखलं जातं ते शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ साली ते करवीरच्या गादीवर दत्तक आले. गादी दत्तकविधानानं मिळाली, पण गाव त्यांना मिळालं ते कामानं. राधानगरीचं धरण, शाहूपुरीची बाजारपेठ, खासबागेचं कुस्ती मैदान, नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवणारा १९०२चा हुकूम आणि बाहेरगावच्या पोरांना शिकता यावं म्हणून काढलेली बोर्डिंगं. त्यांच्या निधनाला १०० वर्षं झाली तेव्हा, ६ मे २०२२ रोजी सकाळी, हे शहर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. रिक्षा थांबल्या, भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. कुणी सक्ती केली नव्हती.

गायकीचं घ्या. उस्ताद अल्लादियाखाँ राजस्थानातल्या उनियाऱ्याचे. शाहू महाराजांच्या दरबारात आले आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं नाव कोल्हापूरशी कायमचं जोडलं गेलं. शहरात त्यांचा पुतळा आहे. त्यांचं मूळ गाव कुठलं, हे इथं फारसं कुणी विचारत नाही.

आणि वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेले सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत राहिले. त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारलं, नाटकं केली. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले आणि तिथं गांधीनगर वसलं. आज अख्ख्या जिल्ह्यातली लग्नाची कापडखरेदी गांधीनगरला होते. २०१९ मध्ये त्या छावणीत वाढलेली काही पोलिश मंडळी म्हातारपणी इथं परत आली, तेव्हा आपल्या शाळेत आल्यासारखी वावरत होती. जन्मदाखला लावला तर यातलं कुणीच कोल्हापूरचं ठरणार नाही.

२. गावात शिरायचं ते गल्लीतून

अख्ख्या शहराचं कुणी एकदम होत नाही. आधी एका गल्लीचं व्हावं लागतं. कोल्हापुरात रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगितलं तर तो मान हलवतो, तालमीचं नाव सांगितलं की दारात सोडतो. तालीम म्हणजे पूर्वी कुस्तीचा आखाडा. आता आखाडे थोडे राहिले, पण तालमीचं मंडळ गल्लीचं सगळं बघतं: गणपती, रक्तदान, शववाहिका, कुणाच्या घरचं लग्न, कुणाचं दवाखान्याचं बिल. आणि फुटबॉल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ असे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की माझ्या वर्गात हमखास दोन तट पडायचे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी गणिताची चाचणी कधी ठेवली नाही. हरलेल्या तालमीच्या पोराला त्या दिवशी पाढेसुद्धा आठवत नसत.

बाईमाणसाला तालमीच्या कट्ट्यावर जागा नव्हती, अजूनही फारशी नाही. माझा शिरकाव वर्गणीनं झाला. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीला पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात आली. सासूबाई भाकरी थापत होत्या, पैसे मी आणून दिले. त्यातल्या एकानं विचारलं, "वहिनी, पावती कुणाच्या नावानं फाडू?" मी काही बोलायच्या आतच चुलीपासून आवाज आला, "तिच्याच नावानं फाड. पगार तिचाबी हाय की." पोरानं नाव विचारून घेतलं, कार्बन सरळ केला आणि पावती फाडली. रक्कम किरकोळ होती. पण नाव वहीत चढलं आणि मग कामं यायला लागली. महाप्रसादाला पोळ्या किती, मंडळाच्या पत्रकात शुद्धलेखन बघा, कुणाच्या पोराला दहावीच्या आधी तेवढं इंग्रजी बघा. नाव वहीत नसतं तर यातलं काहीच दारात आलं नसतं.

३. गावाचं पंचांग पाठ पाहिजे

प्रत्येक गावाचं स्वतःचं एक पंचांग असतं आणि ते कालनिर्णयच्या पाठीमागं छापलेलं नसतं. इथलं असं. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून अंबाबाईच्या चरणांपर्यंत, मग कमरेपर्यंत आणि जमलं तर मुखापर्यंत पोचतात. त्या काळात संध्याकाळी आभाळ आलं की महाद्वार रोडवरचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून वर बघतो. चैत्रात जोतिबाची यात्रा. सासनकाठ्या डोंगर चढतात आणि यात्रेवरून परत आलेल्यांच्या अंगावरचा गुलाल दोन दिवस निघत नाही. उन्हाळा लागला की चटणी. मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसूण भाजायचा, कांडपावर नंबर लावायचा. आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, जत्रा. पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून बायका डोक्यावरून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पुढं पी ढबाक वाजंत्रीचा गजर आणि पाठीमागं सगळी गल्ली. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या गाड्यांमुळे रस्त्याला निघताना अर्धा तास जादा धरायचा.

हे सगळं श्रद्धेनंच करायला हवं असं नाही. आमच्या शाळेतले एक सर पक्के नास्तिक. पण आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी दुपारचे तास रिकामे राहणार हे धरून ते वेळापत्रक आखायचे. त्यांना देव नको होता, पण गाव कधी कुठं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते तेवढं पुरेसं आहे.

४. नदी किती फुटांवर आहे, हे माहीत असावं लागतं

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात "काय चाललंय?" असं कुणी विचारत नाही. विचारतात, "पाणी किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे आमच्या चौथीतल्या पोरांनाही पाठ असतात. त्याशिवाय गावाची स्वतःची मोजपट्टी आहे. पाणी गायकवाड वाड्यापाशी आलं का, जामदार क्लबपर्यंत चढलं का, सुतारवाड्यातली कुटुंबं हलली का, शिवाजी पुलाची मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या खुणेला टेकलं का. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यातले किती उघडले हे कळलं की म्हातारी माणसं बोटांवर हिशेब करून सांगतात, पाणी रात्री किती वाजता आपल्याकडं येईल. आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं.

२०१९च्या ऑगस्टात हे सगळे अंदाज बुडाले. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, बावडा, जिथं पाणी येईल असं कुणाच्या मनात नव्हतं तिथंही पाणी. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद. उपसा केंद्रं बुडाल्यामुळे चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. पेट्रोल फक्त रुग्णवाहिका आणि बचावाच्या गाड्यांना.

रात्री अकराच्या सुमाराला दार वाजलं. तालमीतली दोन पोरं नखशिखांत भिजून उभी. "बाई, शाळंची किल्ली तुमच्याकडं हाय न्हवं? चिखली-आंबेवाडीची माणसं आल्यात." किल्ली मुख्याध्यापकांकडं असायची. पण मुख्याध्यापकांचं घर पाण्याच्या पलीकडं होतं आणि कुलूपवाला आमच्याच गल्लीतला. पंधरा मिनिटांत वर्ग उघडले. बाक भिंतीला लावले, गोदामातली सतरंजी काढली.

सकाळी पाचवी 'ब'च्या वर्गात गेले तर एक आजी फळ्याखाली बसल्या होत्या. घरातून निघताना त्यांनी तीनच गोष्टी उचलल्या होत्या: रेशनकार्ड, मंगळसूत्राची डबी आणि चटणीची बरणी. बरणीच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून वर दोरा गुंडाळलेला. मी चहा पुढं केला. त्या म्हणाल्या, "चहा ऱ्हाऊ दे, बाई. म्हशीस्नी कुठं बांधलंय तेवढं कळंल काय?" जनावरं दुसऱ्या टोकाला एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात होती. कुठल्याशा मंडळाच्या पोरानं मोबाइलवर म्हशींचा व्हिडिओ काढून आणला. आजींनी मोबाइल डोळ्यांशी धरून एकेक म्हैस ओळखली, एका म्हशीचं नाव घेऊन "हिची धार कोण काढतंय?" म्हणून चौकशी केली आणि मगच चहा घेतला. दुपारी शाळेच्या आवारात बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या. भाकरीला पीठ कमी पडलं तेव्हा आजूबाजूच्या घरांतून शेराशेरानं येत गेलं. आजींची बरणी त्या दिवशी शंभरेक माणसांत फिरून रिकामी झाली. पाणी ओसरून त्या परत निघाल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या एकीनं आपल्या घरची चटणी त्याच बरणीत भरून दिली.

त्या दिवसांत मी बार्शीची आहे, हे कुणालाच आठवलं नाही. मलाही. माझ्या लेखी परीक्षा ती एवढीच. अडचणीत माणसं तुमच्या दारावर विचार न करता थाप मारतात का, आणि दार उघडताना तुम्ही "एवढ्या रात्री?" म्हणता का?

५. गावाच्या भांडणात उतरावं लागतं

कोल्हापूरचा माणूस भांडकुदळ, अशी ख्याती आहे. ती खोटी नाही. शहरातल्या रस्त्यांसाठी टोल बसवला तेव्हा हे गाव काही वर्षं सलग रस्त्यावर होतं. मोर्चे, बंद, उपोषणं, नाक्यांवरची जाळपोळसुद्धा. जाळपोळीचं मी समर्थन करणार नाही. पण मोर्चाला लुगडं नेसून आलेल्या सत्तरीच्या बाया आणि त्यांच्या पुढं वकील, डॉक्टर, रिक्षावाले, पैलवान एकाच ओळीत चालताना मी पाहिलेत. २०१५च्या अखेरीस तो टोल रद्द झाला.

या लढ्यात पुढं कोण होतं? एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. एन. डी. सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे. पानसरे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचे. दोघंही शिक्षण आणि चळवळ यांच्या निमित्तानं इथं आले आणि इथलेच झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. टोल रद्द झालेला त्यांना बघता आला नाही. त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या माणसांत त्यांच्या विचारांचे किती होते कोण जाणे. आपल्या गावासाठी भांडलेला माणूस गेला, एवढ्यासाठी आलेले पुष्कळ होते.

उलटंही पाहिलंय. सात पिढ्या इथं काढलेले, चौकात वाडा असलेले काही जण त्या सगळ्या काळात "आपल्याला काय करायचंय, गाडीला पास काढू" म्हणत घरात बसले. आता सांगा, यातला खरा गाववाला कोण?

६. गावाला नावं ठेवायची तर आधी खराटा धरा

रंकाळ्यात जलपर्णी माजते. पंचगंगेत सांडपाणी मिसळतं आणि नदीकाठच्या गावांत काविळीची साथ येते. अंबाबाईकडं जाणाऱ्या रस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. हद्दवाढीचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय. या गावात दोष नाहीत असं म्हणणारा एक तर निवडणुकीला उभा असतो किंवा हॉटेल चालवत असतो.

नावं जरूर ठेवावीत. पण कुणाचं ऐकायचं हे गाव बरोबर ठरवतं. रविवारी सकाळी पंचगंगा घाटावर खराटा घेऊन येणारी मंडळी आहेत. विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभं राहून "मूर्ती दान करा, निर्माल्य इथं द्या" म्हणून घसा कोरडा करणारी पोरं आहेत. सुरुवातीला त्यांनी शिव्या खाल्ल्या, धर्म बुडवायला निघालेत असं ऐकून घेतलं. आता घरोघरच्या मूर्ती लोक आपणहून त्यांच्याकडं देतात आणि मोठ्या मूर्ती इराणी खणीत जातात. या माणसांनी महापालिकेला चार शब्द सुनावले की चौकातला माणूस मान डोलावतो. बंगल्याच्या गच्चीवरून शहर घाण झालंय म्हणणाऱ्याला तोच माणूस विचारतो, "मग तुमी कवा येतासा घाटावर?"

७. गावाचं दुखणं आपल्याला दुखतं का, हे बघावं

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. खासबागेला लागूनच असल्यामुळे मैदानाचा मंचही आगीत गेला. रात्री आकाश तांबडं दिसत होतं आणि लोक जमत होते. कुणाच्या हातात पाण्याची बादली नव्हती, कुणाला करण्यासारखं काही नव्हतं, तरी कुणी घरी जात नव्हतं.

सकाळी आम्ही दोघी-तिघी शिक्षिका गेलो. शाळेची स्नेहसंमेलनं इथंच व्हायची. विंगेत पोरांच्या मिशा चिकटवताना, कुणाचं धोतर सुटलं म्हणून सेफ्टी पिना शोधताना आमची अर्धी नोकरी गेली. जळक्या लाकडाचा आणि भिजल्या राखेचा वास दसरा चौकापर्यंत येत होता. फाटकापाशी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बाजूच्या कॉलेजच्या पोराला सांगत होते, कुठल्या रांगेतून कुठलं नाटक पाहिलं, कुठल्या खांबाआड बसलं की विनोद ऐकू यायचा पण दिसायचा नाही. पोरगा ऐकत होता. त्यानं विचारलं, "आता परत तसंच बांधतील का हो, काका?" गृहस्थ म्हणाले, "बांधतील न्हवं, बांधून घ्यायचं."

त्या दोघांतला एक जुन्या कोल्हापूरचा, एक बहुधा बाहेरून शिकायला आलेला. पण त्या सकाळी दोघांचीही काळजी एकच होती. गावाशी नातं कितपत आहे हे कळायला आनंदाचे प्रसंग उपयोगाचे नाहीत. गुलालात कुणीही नाचतं.

८. गाव सोडलेल्यांनी गावाला थोडं बदलू द्यावं

पुण्यात हिंजवडीच्या सिग्नलला उभं राहिलं की दर चार गाड्यांत एक एमएच-०९ दिसते. पाठीमागच्या काचेवर 'नाद खुळा' किंवा 'जगात भारी, कोल्हापुरी'. आमच्या मुलाच्या गाडीवरही आहे. त्याचं वाईट वाटत नाही. परगावी आपलं माणूस ओळखू येतं, दुसऱ्या गाडीवाल्याशी दोन शब्द होतात. तांबडा-पांढरा कुठं बरा मिळतो यावर पुण्यातल्या पुण्यात वाद घालता येतो.

पण गाव सोडलेल्यांची एक खोड असते. त्यांनी सोडलं त्या दिवशीचं गाव त्यांना जसंच्या तसं जपून हवं असतं. सुट्टीला आले की पहिलं वाक्य, "पूर्वीचं कोल्हापूर राहिलं नाही." गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध अजून मिळतं का, अमक्या टपरीवरची मिसळ तशीच आहे का, याची तपासणी होते आणि नापास शेरा देऊन मंडळी सोमवारी पुण्याला परततात. मी मुलाला एकदा सांगितलं, "बाबा, आम्ही रोज राहतो इथं. आम्हाला पार्किंग लागतं, नवी ड्रेनेज लाइन लागते, दवाखाना लागतो. तुझ्या आठवणीतलं गाव चांगलंच आहे, पण त्यात आम्हाला राहता येणार नाही."

लांब राहूनही गावचं असता येतं. त्याचा रस्ता वेगळा आहे. महापुरात हाच मुलगा आणि त्याचे मित्र रात्रभर जागे होते. कुणाच्या आईला इन्सुलिन पाहिजे, कुणाचे वडील तिसऱ्या मजल्यावर अडकलेत, बोट कुठं आहे, सगळं फोनवरून जुळवत होते. रस्ता सुरू झाला त्या दिवशी दोन टेम्पो भरून चादरी, फिनेल आणि वह्या आल्या. वह्या कुणाच्या डोक्यातून निघाल्या विचारलं, तर म्हणाला, "शाळा सुरू झाल्यावर तूच ओरडली असतीस ना, दप्तरं भिजली म्हणून." त्यावर मी काही बोलले नाही. पण शाळेतल्या पोरांना वह्या वाटताना टेम्पो कुठून आले, हे मात्र नाव घेऊन सांगितलं.

९. दोन गावांचं असता येतं

बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या जिभेवर अजून बार्शीची ज्वारीची भाकरी आहे, इथली कितीही पांढरीशुभ्र असली तरी. भगवंताच्या देवळातल्या एकादशीची गर्दी आठवते. वडील सांगायचे त्या बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी आठवतात. तिकडं पाऊस नाही म्हटलं की इथल्या पावसाचा थोडा राग येतो. २०१९ मध्ये आम्ही पाण्यात होतो तेव्हा माहेरी चाऱ्याचा प्रश्न होता. एकाच आठवड्यात एका गावासाठी पाऊस थांबावा म्हणून आणि दुसऱ्यासाठी पडावा म्हणून देवाला सांगायची पाळी आली.

यात निष्ठा वाटली जाते असं मला कधी वाटलं नाही. एका गावानं वाढवलं, दुसऱ्यानं कामाला लावलं. बार्शीला गेले की भावजय मला पाहुणीसारखं बसवून ताट पुढं करते. कोल्हापुरात कुणाच्या घरी गेले की हातात विळी येते. दोन्ही ठिकाणी आपलेपणा आहे. पण आपण कुठले, असं मला कुणी अडवून विचारलंच तर ज्या गावानं विळी दिली त्याचं नाव आधी तोंडात येतं.

१०. दार आतून उघडायचं असतं

इथवर सगळं बाहेरून येणाऱ्यानं काय करावं याचं झालं. पण निम्मी जबाबदारी आधीपासून आत असलेल्यांची आहे, आणि ती आपण सोयीनं विसरतो. आमच्या गल्लीत आता जुने वाडे पडून अपार्टमेंट उभी राहतायत. त्यांत कुणी लातूरचं आहे, कुणी बेळगावचं, एक कुटुंब बिहारचं. त्यांच्याबद्दल "ही लोकं गल्लीत मिसळत नाहीत" असं कट्ट्यावर बोललं जातं. मी विचारते, त्यांच्याकडं वर्गणीला गेला होता? पाणी वाढलं तेव्हा त्यांचं दार वाजवलं? मंडळाच्या बैठकीला बोलावलं? उत्तर बहुधा येत नाही. माणसाला ना कधी काही मागितलं, ना कधी काही सांगितलं, आणि मग तो आपला नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

म्हणून यंदा गणपतीच्या बैठकीत मी एकच मुद्दा लावून धरला. नव्या बिऱ्हाडांकडं पावतीपुस्तक पाठवा आणि त्या घरातल्या बायकांच्या नावानंही पावत्या फाडा. बिहारच्या कुटुंबाकडं महाप्रसादाची भाजी द्या, ती लोकं भाजी उत्तम करतात. लातूरच्या पोराला मांडवाच्या परवानगीचा अर्ज भरायला सांगा, तो संगणकावर काम करतो. एक-दोघांनी तोंड वाकडं केलं. मंडळाचा सध्याचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. तो म्हणाला, "बाई म्हणत्यात तसं करूया. पण हिशेबाची वही ह्या वर्षीबी बाईंकडंच."

वही घेतलीय. लातूरच्या पोराला शेजारी बसवून जमा-खर्च कसा मांडायचा ते दाखवते आहे. पुढच्या वर्षी वही त्याच्याकडं जाईल.